चाव्याऐवजी

संध्याकाळी मुलाला न्यायला आलेल्या गार्गीचे पाय पाळणाघराच्या दारातच अडखळले. काल तिच्या दीड वर्षाच्या निमिषनं एका मुलीच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता. पाळणाघर चालवणाऱ्या सुलभाताई उद्यापासून त्याला ठेवून घेणार नाहीत, याची तिला धास्ती होती.

आत ताई निमिषला खेटून जमिनीवर बसल्या होत्या. तेवढ्यात त्याच मुलीनं त्याचा ट्रक ओढला. त्यानं तोंड उघडताच ताईंनी मध्ये हात घातला. आवाज मात्र चढवला नाही.

"चावलं की दुखतं, राजा. तिला सांग, माझं आहे."

निमिष हुंदके देत राहिला. ताई थांबल्या.

"माझं," तो अखेर म्हणाला. मुलीनं ट्रक सोडला.

"दिवसभर अशाच बसलात?" गार्गीनं विचारलं.

"बोलता येईपर्यंत त्याच्याजवळ कुणीतरी हवंच ना."

ताई उठायला गेल्या, पण पाय आखडले होते. गार्गीनं पुढे होऊन हात दिला.