मोहरीएवढी जयवंती

"ही मी?" जयवंतीमावशीनं पडद्याकडे बोट केलं.

"तुम्हीच!" कीर्तीला हसू आवरत नव्हतं.

पडद्यावर करड्या रंगाचे ठिपकेच ठिपके होते, एकमेकांना खेटून बसलेले. दोन महिन्यांपूर्वी घिवलीच्या किनाऱ्यावर कीर्तीनं मावशीच्या दंडाची कातडी मागून घेतली होती, अगदी मोहरीएवढी. बोंबील कापून मावशीच्या हातावर रोज नवी चीर, आणि दोन दिवसांत ती चीर गायब! कशी काय? कीर्तीचं सगळं संशोधन त्यावरच चाललं होतं. आता बोईसरच्या या प्रयोगशाळेत त्या मोहरीतल्या पेशी वाढून बशीभर मावशी झाली होती.

तशा बशा चार होत्या. तिघींना बुरशी लागली. ही शेवटची. उद्या काम तपासायला मोठ्या मॅडम येणार, हिच्यात काही दिसलं तर काम पुढे चालू, नाहीतर बंद.

"जेवते काय ती तुझ्याकडं?"

"दिवसाआड गुलाबी पाणी देते."

"नुसतं पाणी? म्हावरं नाय?" मावशीनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. "तरीच अशी फिकट दिसते."

"मावशी, मास्क वर! आता गंमत बघा हां." कीर्तीनं बशी काचेच्या निर्जंतुक पेटीत नेली, झाकण काढलं आणि बारीक नळीच्या टोकानं मधोमध एक रेघ ओढली. खर्रकन. मग झाकण लावून बशी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पडद्यावर ठिपक्यांच्या मधून एक रिकामा रस्ता गेला होता.

मावशीनं आपला दंड गच्च धरला.

"काय केलंस गो बाय?"

"जखम. दोन्ही बाजूंचे ठिपके सरकत सरकत येतील आणि ती भरतील. उद्यापर्यंत."

"मुद्दाम केलीस?"

"हो. म्हणजे, ती कशी भरते ते बघायचंय ना."

"भरलेलीच बघायची तर केलीस कशाला?"

कीर्ती उत्तर द्यायला वळली, पण कॅमेऱ्याची वेळ लावायची राहिली होती. ती संगणकाकडे वाकली. दोन बटणं दाबली, तेवढाच काय तो वेळ.

"फू... फूऽऽ..."

झाकण बाजूला पडलं होतं. मास्क हनुवटीवर होता. मावशी बशीवर ओणवी होऊन फुंकर घालत होती. पोराचा गुडघा फुटल्यावर घालतात तशी, हळू, गाल फुगवून.

"मावशीऽऽ!"

मावशी दचकली. "आग होत असंल तिची."

"तिला आग होत नाही! तिला... अहो, तोंडातले जंतू गेले आत! ती गेली आता, फुकट गेली! उद्या मी काय दाखवू?"

बोलता बोलता कीर्तीनं भिंतीकडची पिवळी पिशवी ओढली. बिघडलेलं सगळं त्या पिशवीत टाकायचं, असा नियम. बशी उचलली. हात पिशवीवर नेला.

"फेकतेस?" मावशीचा आवाज एकदम लहान झाला. "मला?"

कीर्तीचा हात तसाच राहिला. हे तुम्ही नाही, असं म्हणावं तर मघाशी तीच म्हणाली होती, तुम्हीच. आणि आग होत नाही म्हणाली खरी, पण कधी विचारलं होतं का तिनं? कुणाला विचारणार? डोक्यात सगळा गोंधळ उडाला.

"आमी जानून नाय केलं, बाय."

"माहितीये हो."

कोपऱ्यात एक जुनी उबेची पेटी रिकामी पडून होती. कीर्तीनं ती चालू केली, बशीवर झाकण ठेवलं आणि जंतू दुसऱ्यांच्या बशांना लागू नयेत म्हणून ती एकटीच आत ठेवून दिली. मग तिनं वही उघडली. तारीख. वेळ. 'जखमेवर काय लावले' हा रकाना आला आणि पेन थांबलं.

तिनं लिहिलं, फुंकर.

खोडलं.

मावशी अजून दंड चोळत उभी होती. कीर्तीनं तिच्याकडे पाहिलं आणि खोडलेल्याच्या शेजारी पुन्हा लिहिलं.