जाकिटाचं बटण

काकांनी पूल खेळायच्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाला खडू लावायला घेतला, तर हात इतका थरथरला की निम्मा खडू शर्टावर सांडला. पुतण्याने नजर दुसरीकडे वळवली.

डॉक्टरांनी काकांना स्पष्टच सांगितलं होतं. तुमचा हा पूल हॉल बंद करा, घरी आराम करा. हृदय आता फार ओढाताण सोसणार नाही. त्यावर काकांनी जाहीर केलं होतं, की ज्याला आपल्याला घरी बसवायचंय त्याने आधी टेबलावर हरवून दाखवावं. काकू लग्नानंतर थोडं खेळायच्या, पण नवऱ्याला हरवणं बरं दिसत नाही म्हणाल्या आणि त्यांनी पुतण्याला पुढे केलं.

पुतण्या औषधांच्या दुकानात कामाला. क्यू कधी हातात धरलेला नव्हता. पण काकाच त्याला बापाच्या जागी होते. काका सकाळी फिरायला गेले, की काकू गुपचूप हॉल उघडून त्याला शिकवायच्या. धडा एकच.

"क्यूने पांढऱ्या चेंडूला वरच्या अंगाला मार, आणि जोरात. हळू मारणाऱ्याचा हात लटपटतो."

एकदा शिकवता शिकवता त्या मध्येच म्हणाल्या होत्या, की दुखण्यात महिनाभर घरी होते तेव्हा हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मग पुन्हा चेंडू मांडायला लागल्या.

आज त्या कोपऱ्यातल्या बाकावर काका रोज हॉलवर घालायचे त्या काळ्या जाकिटाला बटण लावत बसल्या होत्या. उद्यापासून ट्रंकेत जाणाऱ्या जाकिटाला बटण कशाला, असं पुतण्याने विचारलंही. "ठेवायची वस्तू नीट असावी," एवढंच त्या म्हणाल्या.

काकांनी आधी प्रवचन दिलं. नाइन-बॉल हा बस गाठायच्या घाईतल्या लोकांचा खेळ. वन-पॉकेट वकिलांचा, स्वतः काही करायचं नाही, समोरच्यालाही करू द्यायचं नाही. सरळ माणसाने एट-बॉल खेळावा. एकाचे रंगीत चेंडू, दुसऱ्याचे पट्ट्यांचे. पांढऱ्याने ढकलून आपले सगळे पॉकेटांत, म्हणजे टेबलाच्या भोकांत, घालायचे आणि शेवटी काळा.

"आणि काळ्यामागे पांढरा पॉकेटात गेला, तर डाव गेला. मग तोंड पाडायचं नाही."

खेळ रेंगाळत चालला. काकांचे डोळ्यांदेखत सोपे चेंडू हुकत होते आणि पुतण्याला जिंकायची लाज वाटू लागली होती. अखेर त्याचा फक्त काळा उरला. तो कोपऱ्यातल्या पॉकेटासमोर, आणि पांढरा बरोब्बर त्याच्या रेषेत.

"घरी नेतोस वाटतं मला," काका म्हणाले आणि टेबलाची कड धरून उभे राहिले.

पुतण्याने काकूंकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे होकाराची मान हलवली. तो वाकला आणि त्याने शिकवल्याप्रमाणे वरच्या अंगाला, जोरात मारलं.

काळा धप्पकन पॉकेटात पडला. पांढरा थांबला नाही. पाळलेल्या कुत्र्यासारखा तो काळ्याच्या मागोमाग गेला आणि त्याच पॉकेटात उतरला.

काका सावकाश ताठ झाले. कित्येक महिन्यांत न दिसलेला रंग त्यांच्या चेहऱ्यावर आला. काकूंनी दाताने दोरा तोडला, त्या उठल्या आणि त्यांनी जाकीट काकांसमोर उघडून धरलं.

"खालच्या अंगाला मारून पांढरा जागच्या जागी थांबवायचा फटका तुला कुणीच शिकवला नाही का रे?" बाहीत हात घालत काकांनी मायेने विचारलं. "तुझ्या काकूला तर मी तो पहिल्याच दिवशी शिकवला होता."