मशिनमागची जागा

अंजूच्या हळदीला तिच्या सख्ख्या काकाचं, अनंताचं, साउंडचं मशिन नव्हतं. शेणव्यातले गावकरी मांडवात शिरताना आधी स्पीकरांकडे बघत, मग अनंताकडे. अनंता खुर्चीत बसून ते बघणं मोजत नव्हता, पण त्याच्या नजरेतून एकही सुटत नव्हतं.

मशिन कमळचं होतं. ती मुरबाडची. नवरा गेल्यावर त्याचा साउंडचा धंदा तिनं हातात घेतला. गेल्या साली अनंताच्या मशिनचा फ्यूज सारखा उडायला लागला, म्हणून त्यानं फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावली, आणि भर वरातीत त्याच्या मशिनमधून धूर निघाला. तेव्हापासून लोक कमळला बोलवायला लागले. लोकांचं ठीक होतं. पण अंजूचा बाप म्हादू तर सख्खा भाऊ.

"पोरीनंच सांगितलं, कमळमावशीचं मशिन पायजे," म्हादू बोलला होता. "मी काय करू?"

दुपारचं ऊन मांडवावर तापलं होतं. नवऱ्याकडची मुलं नाचत होती आणि आवाज वाढव म्हणून कमळला हात करत होती. तिनं जरा वाढवला. मशिनवरचा पिवळा दिवा ठेक्याठेक्याला लुकलुकायला लागला. अनंताला त्याचा अर्थ ठाऊक होता. लुकलुकतोय तोवर चालतं. जळतच राहिला की मशिनला झेपत नाही.

कमळलाही ठाऊक असावं. दिवा जरा जास्त वेळ राहिला की तिचा हात बटणाकडे जाई आणि आवाज थोडा उतरे. नाचणाऱ्यांना कळतही नव्हतं. अनंताला कळत होतं, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

तो पाणी प्यायला उठला. पिंप मशिनच्या मागेच होतं. मशिनच्या पाठीतून पंखा गरम वारा बाहेर फेकत होता. बाजूला मांडवाची उरलेली ताडपत्री घडी करून ठेवलेली. अनंतानं ती पायानं सरकवली, पंख्याच्या तोंडाशी घट्ट बसेपर्यंत. पाणी प्यायला आणि जागेवर येऊन बसला.

तिसरं गाणं अर्ध्यावर असताना आवाज तुटला. पिवळा दिवा गेला आणि लाल लागला.

सगळा मांडव वळला. म्हादू घाईघाईनं अनंताकडे आला. "बघ ना जरा. तुला समजतं त्यातलं."

दुपारभर अनंता याच हाकेची वाट बघत होता. तो सावकाश उठला, टेबलाजवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "बंद करून परत चालू करा."

"नको, भावजी," कमळ बोलली. "बंद केलं तर पंखा पण बंद. जळलं नाय ते. तापलंय म्हणून थांबलंय. थंड झालं की आपण होऊन लागंल."

बोलता बोलता तिनं मशिनच्या मागे हात घातला. हात थांबला. तिनं ताडपत्री ओढून काढली, एकदा अनंताकडे बघितलं, आणि ती टेबलाखाली टाकली.

मांडव शांत झाला होता. त्या शांततेत अंजूची हाक आली. "काका, तुमी अजून हळद नाय लावली मला. सगळ्यांची झाली."

अनंता पाटापाशी गेला. वाटीतली हळद त्यानं तिच्या गालाला लावली.

"तुमचं मशिन नाय सांगितलं म्हणून रागावलाय ना?" अंजू हळूच बोलली. "तुमी त्याच्यामागंच बसून राहिला असता, काका. मला तुमी इथं पायजे होता."

अनंतानं तिच्या दुसऱ्या गालालाही हळद लावली.

मागे टक् असा बारीक आवाज झाला. लाल दिवा विझला, गाणं पुन्हा ऐकू येऊ लागलं. कमळनं आवाज कमी ठेवला होता. कुणी तक्रार केली नाही.

अनंता परत टेबलापाशी आला. हळदीचे हात कुठे पुसावेत ते त्याला कळेना.

"मागं हातभर जागा मोकळी लागते," तो बोलला.

"मला म्हाईत हाय."

"कोणी काय ठेवलं तर…"

कमळनं आपली खुर्ची उचलली, मशिनच्या मागे नेऊन ठेवली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. अनंता जाऊन तिथं बसला. पंख्याचा गरम वारा त्याच्या पोटऱ्यांवर येत राहिला. त्यानं पाय हलवले नाहीत.

पाणी प्यायला आलेला गावातला नवसू त्याला तिथं बघून हसला. "काय रे अनंता, कमळकडं कामाला लागलास?"

"आजच्या दिवस," अनंता बोलला, आणि नवसूनं मशिनच्या पंख्याशी टेकवलेली पिशवी उचलून त्यानं आपल्या मांडीवर घेतली.