रणचांदणी

"ताई, हलू नका! तुमच्या पायाशी बघा," सोनवणे ओरडले आणि कॅमेरा आणायला टेकाडाखालच्या जीपकडे पळाले.

कच्छच्या रणात, खाऱ्या जमिनीतून वर आलेल्या या एकाच टेकाडावर रणचांदणी उगवायची. अतिसंकटग्रस्त म्हणून तिची नोंद होती. यंदाही दिसली नसती तर ती नामशेष ठरणार होती. दोघं वनस्पतिशास्त्रज्ञ आठवडाभर टेकाड पिंजून काढत होते. आणि आता चित्राताईंच्या पायाशी ती फुलली होती, पांढरीशुभ्र, एकटीच.

सोनवणे धापा टाकत परत आले. "कुठंय?"

चित्राताई वर्तमानपत्राची घडी नीट करत होत्या. घडीत फूल होतं, पानं होती, मुळं होती. नमुना म्हणून दाबून वाळवायचं रोप मुळासकट घ्यायचं, नाहीतर ओळख पक्की होत नाही, हे त्यांनी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. रोप दिसलं आणि हात आपसूक खुरप्याकडे गेला होता.

"परत लावू या," सोनवणे हळूच म्हणाले. "कंद आहे ना, जगेल."

चित्राताईंनी घडी उघडून दाखवली. कागदात सपाट बसावा म्हणून कंद मधोमध चिरलेला होता.

चित्राताईंना रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. त्यांनी फुलाची दुमडलेली एक पाकळी बोटानं सरळ केली, घडी मिटली, दोन फळ्यांमध्ये ठेवली आणि नेहमीसारखा पट्टा आवळला.