पाठोपाठ

बापाचं दुखणं पूर्वाला हिंजवडीतल्या ऑफिसात कळलं, तेही कॉम्प्युटरकडून.

सकाळी पाहिलेलं एक पान परत हवं होतं म्हणून तिने जेवणाच्या सुट्टीत ब्राउझरची हिस्टरी उघडली. कामाच्या पानांच्या मधोमध मराठी ओळी होत्या. ‘घशातली गाठ दोन महिने तशीच ठेवली तर चालते का.’ ‘स्वरयंत्र काढल्यावर माणूस बोलू शकतो का.’ ‘ऑपरेशन लग्नानंतर केले तर.’

यातलं तिने काहीच शोधलं नव्हतं. हडपसरच्या घरातल्या कॉम्प्युटरवरही तिचंच खातं चालू होतं. वडिलांना, बाबुरावांना, वेगळं खातं काढून द्यायचा तिने कंटाळा केला होता. लाइटबिल, पेन्शन, सगळे पासवर्ड तिच्याच खात्यात. इथे साठवलं की तिथे आयतं मिळायचं. तिथलंही इकडे येणार, एवढं मात्र बाईसाहेबांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तिने पान पुन्हा उघडलं. एक ओळ कमी. परत उघडलं, आणखी एक कमी. म्हणजे पप्पा आत्ता घरी बसून एकेक ओळ पुसत होते आणि तिकडे पुसली की इथूनही जात होती. शेवटची ओळ जायच्या आत ती बॅग घेऊन निघाली.

हिंजवडीहून हडपसरला पोचणं काय असतं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. बाबुराव पेपर वाचत बसले होते.

“आज लवकर? कंपनी बुडाली का?” आवाज घोगरा होता. बरेच दिवस तसाच होता, आणि घरात सगळ्यांना त्याची सवयही झाली होती.

“पप्पा, डॉक्टर काय म्हणाले?”

“कुठला डॉक्टर?”

“ज्यांनी गाठ पाहिली ते.”

बाबुरावांनी आधी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“मी पुसलं होतं.”

“पुसायच्या आधी मला दिसलं.”

“तुझ्या लग्नाच्या साड्या इथे रोज दिसायच्या,” ते सावकाश म्हणाले. “मला वाटलं, जाहिराती. माझंही तुला दिसत असेल, हे काही डोक्यात आलं नाही.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. “कसली गाठ? अहो, मला तर म्हणालात, चहानं भाजलं!”

मग सांगावंच लागलं. कॅन्सर होता. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, आणि डॉक्टर म्हणत होते, लगेच.

“डिसेंबरात तुझं लग्न होऊ दे,” बाबुराव म्हणाले. “मग काय कापायचं ते कापा.”

“हे कुणी ठरवलं?”

“मी.” त्यांनी पेपरची घडी केली. “अख्ख्या वस्तीतल्या पोरांची लग्नं मी लावली, पूर्वा. बौद्धाचार्य म्हणून उभा राहिलो. मी म्हणायचं, पोरांनी माझ्यामागून म्हणायचं. आणि माझ्या पोरीला दुसऱ्या कुणी पंचशील द्यायचं? मी काय मुक्यानं फुलं वाटत फिरू?”

पूर्वाला राग आला, इतका की रडूच कोसळलं. “एका दिवसासाठी जीव घालवणार तुम्ही?”

“आवाज गेल्यावर त्या जीवाचं करायचं काय?”

“माझ्यासमोर बसवायचा!” आई ओरडली. “बसा मुके. माझं काही बिघडत नाही. एवढी वर्षं बोलून तरी कुठे दिवे लावलेत?” आणि पदर तोंडात कोंबून ती मटकन खाली बसली.

पूर्वाने डोळे पुसले आणि होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

“समाधान, आत्ता येशील? लग्न करायचंय.”

“निघालो,” तो म्हणाला.

“अगं, हे काय खूळ?” बाबुराव म्हणाले.

“डिसेंबरातलं हॉलमधलं होईलच. तिथे कुणीही म्हणू दे. आमचं खरं लग्न आज, तुमच्या तोंडून. आणि उद्या सकाळी दवाखाना. कबूल?”

बाबुराव उठले आणि कपाटातला पांढरा सदरा शोधू लागले.

समाधान खराडीहून तसाच आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घेऊन. दारातच पूर्वाने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्याने ओळखपत्र काढून खिशात घातलं आणि बाबुरावांच्या पाया पडला. आईने बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्ती लावली. दोघं हात जोडून उभे राहिले.

बाबुरावांनी सुरुवात केली. आवाज फाटत होता, पण येत होता. ते एक ओळ म्हणत, थांबत. पोरं ती मागून म्हणत. तीन शरणं झाली. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं, खोटं न बोलण्याचं.

“मुसावादा...”

पुढे नुसती हवाच आली. त्यांनी गळ्यावर हात ठेवला, पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द नाही.

पंचशील दोघांनाही लहानपणापासून पाठ होतं. तरी पूर्वा पुढे गेली नाही, समाधानही नाही. हात जोडून, बाबुरावांच्या ओठांकडे पाहत, दोघं थांबून राहिले.