सातव्या अल्बमची माफी

‘लेनला अख्ख्या अल्बममध्ये एकच गाणं दिलं, तेही शेवटी. फ्रँक थोरला असला म्हणून काय झालं?’

टेलिग्रामवर हा मेसेज आला तेव्हा इंद्रजित सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा होता. सौदा राहिला बाजूला. पोत्याला टेकून तो तावातावानं उत्तर लिहायला लागला.

टिन चॅपल हा इंग्लंडचा जुना रॉक बँड. फ्रँक गायचा, लेन गिटार वाजवायचा. दोघे सख्खे भाऊ. आठ अल्बम केले आणि शेवटी एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. त्यांचे चाहते सांगली-साताऱ्याकडे असतील असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? पण ‘टिन चॅपल मराठी’ या ग्रुपवर चांगली त्रेचाळीस डोकी होती. इंद्रजितनं तिथं ‘थोरला’ असं नाव घेतलं होतं, कारण त्याचा जीव फ्रँकवर. आणि हा मेसेज पाठवणाऱ्या, वर्षभर त्याच्याशी हिरिरीनं भांडणाऱ्या गड्याचं नाव होतं ‘धाकटा’.

हा धाकटा म्हणजे आपला जयराज, याबद्दल इंद्रजितला तिळमात्र शंका नव्हती.

जयराज त्याचा पाठचा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली, विहिरीच्या पाण्यावरून जुंपली. पुढं आई गेली, तर तिच्या दहाव्यालाही इंद्रजित त्याच्याशी चकार शब्द बोलला नाही. जयराजनं शिरवळच्या कंपनीत नोकरी धरली, नंबर बदलला. गेला तो गेलाच. आता महिन्यावर लेकीचा, प्रांजलचा साखरपुडा आला होता. सख्खा चुलता असताना त्याच्याविना पोरीचा साखरपुडा करायचा? इंद्रजितला उठता-बसता तेच खात होतं. पण आपण होऊन शिरवळची वाट धरायची म्हटलं की पाय निघत नव्हता. थोरलेपणाचा ताठा, दुसरं काय!

“पर हे भावोजीच कशावरनं?” बायकोनं, मंगलनं विचारलं.

“अगं, सगळं लिवलंय की त्यानं. घरात टिन चॅपलची एकच कॅसेट हुती, थोरला हात लावू देत न्हवता. पाण्यावरनं वाजलं. दहाव्याला थोरला बोलला न्हाई. शिरवळला कंपनीत हाय. आता काय आधारकार्ड मागू त्याला?”

“मग नाव घिऊन हाक मारा की सरळ.”

“येडी का काय! नाव घेतलं की बिथरंल गडी. त्यालाबी ठावं हाय मी कोण ते. म्हणून तर एवढं बोलतोय.”

मंगलला त्या गाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. फ्रँक-लेनची भांडणं मात्र ती भाजी निवडता निवडता आवडीनं ऐकायची. “म्हंजी विलायतेतबी घरोघरी मातीच्याच चुली म्हणायच्या,” असं म्हणून हसायची.

त्या दिवशी संध्याकाळी गाडी सातव्या अल्बमवर आली. हा अल्बम भावांनी एकमेकांसमोर न येता केलेला. एकानं आपलं काम उरकून निघून जायचं, मग दुसऱ्यानं यायचं.

‘चूक कुणाची?’ इंद्रजितनं ग्रुप सोडून खासगीत विचारलं.

‘दोघांची. पण थोरल्यानं एकदा म्हणायला पायजे हुतं, चुकलो म्हणून. लेन पळत आला असता.’

इंद्रजितनं लगेच लिहिलं, ‘फ्रँक चुकला. लय चुकला. धाकट्याचा हक्क त्यानं दाबला. आईच्या दहाव्याला तरी बोलायला पायजे हुतं.’

मग उत्तर आलं, ‘हे फ्रँकचं बोलतोयस का तुझं?’

‘माझं.’

आणि मग, ‘दादा, मीबी चुकलो रं.’

दादा! इंद्रजित भर अंगणात ओक्साबोक्शी रडला. मंगलनं पाण्याचा तांब्या आणून दिला. “काठी मारल्यानं पाणी दुभंगतं व्हय,” म्हणाली आणि स्वतःच पदरानं डोळे पुसायला लागली.

‘पोरीचा साखरपुडा हाय पुढच्या महिन्यात,’ इंद्रजितनं लिहिलं. ‘त्याआधी येत्या रविवारी घरी ये.’

‘पोरगी एवढी मोठी झाली? मी बघितली तवा फ्रॉकात हुती. सांगलीतच हायस न्हवं अजून?’

‘सांगलीतच. विश्रामबागला नवं घर बांधलंय,’ म्हणून त्यानं पत्ता पाठवला.

रविवारी मंगलनं पहाटेच पुरण शिजायला टाकलं. प्रांजलनं दारात रांगोळी घातली. काका आपल्याला ओळखेल का, हे तिनं चारदा विचारलं. इंद्रजित इस्त्रीचा शर्ट घालून आठ वाजल्यापासून दार ते फाटक, फाटक ते दार अशा येरझाऱ्या घालत होता. भेटल्या भेटल्या पाया पडू लागला तर पडू द्यायचं नाही, आधीच उराशी धरायचं, एवढं त्यानं ठरवून ठेवलं होतं.

अकराच्या सुमारास रिक्षा थांबली. एक बुटका, चष्मेवाला माणूस उतरला. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. इंद्रजितनं त्याला ओलांडून रिक्षात वाकून पाहिलं. रिक्षा रिकामी होती.

पाहुणाही टाचा उंच करून इंद्रजितच्या खांद्यावरून घरात डोकावत होता. डोळे पाण्यानं भरलेले आणि चेहरा कसा उजळलेला.

“कोण पायजे?” इंद्रजितनं विचारलं.

“मी लालासाहेब, शिरवळवरनं आलोय. आवं पावनं, आमच्या जोतीरामदादाला जरा हाक मारा. म्हणावं, तुझा धाकटा आलाय. नऊ वर्षांनी ‘चुकलो’ म्हणाला माझा भाऊ, आता दारात नगा थांबवू मला.”