निवलेली पेज

पेज गरम होती तोवर पांढरी होती. बकुळाने ती निवायला ठेवली, कारण थायरॉईड वाढल्यापासून तिला गरम काही सोसत नाही. पंख्याखाली बसूनही मानेवरून घाम ओघळतो, डोळेही बाहेर आलेत. निवता निवता पेज काळी पडली. आधी कडेने, मग मधोमध, शाई सांडावी तशी.

तिघांनी पाहिलं. तिने, नवऱ्याने, सासूने.

थेंब सासूनेच घातले होते. परळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आयोडीनचे हे थेंब दुधातून किंवा फळांच्या रसातून घ्या, गळ्यातली गाठ आवळेल, कापताना रक्त कमी जाईल. शुक्रवारी ऑपरेशन. मध्येच थेंब बंद केले तर तारीख गेली, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण दूध बकुळाच्या पोटात ठरेना. म्हणून सासूने, शांताबाईंनी, पेज केली. आजाऱ्याच्या पोटात त्यांच्या गावी सगळं पेजेतूनच जातं.

त्यांनी शेजारच्या कुशाबांना हाक मारली. लालबागच्या त्या चाळीत दृष्ट, बाधा, करणी कुशाबाच बघतात. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. बोट

घातलं. पेजेत. ढवळलं. हुंगलं. काळं नख घेऊन बकुळाच्या तोंडाशी आले आणि म्हणाले, बाईचे डोळे असे उगाच बाहेर येत नाहीत, आतून कोणीतरी बघतंय.

"ह्यां औषद न्हय गो," शांताबाई म्हणाल्या. "कोणीतरी केलेलां आसा. मोरीत ओततंय मी."

थेंबांची बाटली त्यांच्या हातात. बूच उघडं. बकुळाची छाती धड धड धडधडधड

गोळ्या खाऊन खाऊन कशीबशी शांत केलेली छाती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

धनेश दादरला क्लासमध्ये आठवीला विज्ञान शिकवतो. बटाट्याची फोड, आयोडीनचा थेंब, निळा-काळा रंग, म्हणजे पिष्ट. दर वर्षी करून दाखवतो. पोरं टाळ्या वाजवतात. पेजेत तांदूळ, तांदळात पिष्ट; गरम असताना रंग दिसत नाही, निवल्यावर उमटतो. एका वाक्याचं काम.

तो तिच्या कानाशी आला. तोंडाला बडीशेपेचा वास.

"मला माहितेय काय झालंय ते. पण कुशाबांसमोर आईला कशाला खोटं पाडायचं? ओतू दे ना. ऑपरेशन काय, पुढच्या महिन्यात होईल."

बकुळा उठली. सासूच्या हातातून बाटली काढून घेतली, बूच लावलं, मुठीत धरली. दुसऱ्या हाताने वाडगा उचलला. पेज गार, चिकट, काळी. वर साय धरलेली. कुशाबांचं बोट फिरलेली. ती

प्यायली. सगळी. तळाची शितंसुद्धा निपटून खाल्ली.

शांताबाई भिंतीला टेकल्या. कुशाबा दाराबाहेर चपला शोधू लागले. बकुळाने डोळे मिटले, ओठ घट्ट दाबून धरले. पोटातून वर येऊ पाहणारं ती एकेक घोट खाली ढकलत होती.

धनेशने मायेने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हात काढ," ती म्हणाली. "ओकारी येईल. थेंब आत राहायला हवेत."